सर, ह्याला काय लागतंय?

मोहोळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सरांना २०२४च्या जानेवारीत बारावी कलाच्या एका मुलीनं तास संपल्यावर व्हरांड्यात गाठलं. हातात बालभारतीचं राज्यशास्त्राचं पुस्तक, त्यातलं शेवटचं प्रकरण उघडलेलं, ‘भारत आणि जग’. तिनं विचारलं, “सर, हेच पुढं शिकायचं म्हणलं तर ह्याला काय लागतंय?”

सरांची नोकरी तेव्हा वीस वर्षांची झालेली. पोलीस भरतीला उंची किती लागते, तलाठ्याच्या परीक्षेत कोणत्या विषयावर भर द्यायचा, डी.एड.चे अर्ज कधी सुटतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. आसपासच्या गावांतली पोरं त्यांच्याकडं त्याचसाठी येत. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या पदवीला काय लागतं, हे मात्र वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी शोधलं नव्हतं. “उद्या सांगतो,” ते म्हणाले. त्या उद्याला दीड वर्ष लागलं.

मुलीला हा प्रश्न असाच सुचलेला नव्हता. घरी चार एकर रान, त्यात दीड एकर कांदा. १९ ऑगस्ट २०२३ला केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. सोलापूरच्या बाजार समितीत हिवाळ्यात मोहोळ, माढा, बार्शीच्याच काय, कर्नाटकातल्याही कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. बंदीची बातमी आली आणि भाव कोसळले. यार्डातून विक्रीची पट्टी घेऊन परतलेले वडील जेवताना एवढंच बोलले की आपला कांदा बांगलादेशात जायचा, तो आता जायचा नाही. पोरगी त्यावर विचार करत राहिली. रान आपलं, बंदी दिल्लीची आणि कांदा खाणारा ढाक्यातला. पुस्तकातलं प्रकरण आणि घरातली पट्टी तिनं शेजारी शेजारी ठेवून वाचली.

सरांनी शोधाशोध सुरू केली ती एका चुकीच्या समजुतीपासून. परराष्ट्र खात्यात जायचं तर या विषयाची पदवी सक्तीची असणार, असं ते धरून चालले होते. तसं काही नाही. भारतीय परराष्ट्र सेवेचा रस्ता केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून जातो आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते. शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली या सेवेत गेले. पहिली नेमणूक जपानला, पुढं मालदीवमध्ये उच्चायुक्त, न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत. त्यांचं ‘माती, पंख आणि आकाश’ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतं, पण बरीच वर्षं ते कुणी नेलेलं नव्हतं. परराष्ट्र सचिव झालेले विजय गोखले इतिहासाचे विद्यार्थी, आणि चिनी भाषेवर त्यांची पकड. दोघांच्याही बाबतीत पदवीच्या कागदावर कोणत्या विषयाचं नाव होतं, यापेक्षा नंतर शिकलेल्या भाषेनं जास्त काम केलं, असं सरांच्या लक्षात आलं. ते त्यांनी वहीत टिपून ठेवलं आणि मग विसरले. ते विसरल्याची किंमत पुढं कळायची होती.

दुसरा शोध असा की, बी.ए.च्या पातळीवर या नावाची पदवी देणारी ठिकाणं आपल्याकडं थोडीच आहेत. हा विषय स्वतंत्रपणे शिकवायला जगात सुरुवात झाली ती १९१९ साली, पहिलं महायुद्ध संपल्यावर, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या लहानशा गावात. एवढी माणसं मेली ती कशामुळं आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करावं, हे शिकण्यासाठी एका धनिक घराण्यानं तिथल्या महाविद्यालयाला देणगी दिली आणि अध्यासन उभं राहिलं. दिल्लीत १९५५ साली आंतरराष्ट्रीय अध्ययनाची संस्था निघाली, ती पुढं जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. या विषयासाठी देशात सगळ्यात नावाजलेली जागा तीच. पण तिथं हा विषय सुरू होतो एम.ए.पासून. सोनीपतच्या जिंदाल विद्यापीठात, पुण्याच्या फ्लेममध्ये पदवीलाच हा अभ्यास मिळतो, फक्त शुल्क वर्षाला काही लाख. सरांनी ते आकडे मुलीच्या वडिलांना सांगितलेच नाहीत. सांगायला हवे होते, असं त्यांना आज वाटतं. माणसाला आकडा कळला की तो निदान स्वतः ठरवतो.

परदेशाचंही त्यांनी पाहिलं. तिकडच्या विद्यापीठांना बारावीचे चांगले गुण लागतात, इंग्रजीची आयईएलटीएससारखी परीक्षा लागते, स्वतःविषयी लिहिलेला निबंध लागतो, शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी या पदवीला एक परदेशी भाषा मधल्या पातळीपर्यंत शिकणं सक्तीचं आहे, जोडीला अर्थशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राची तोंडओळख. पैशाची वाट मात्र अरुंद. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. बारावीनंतर लगेच बाहेर जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. म्हणजे लहान गावातल्या मुलानं पदवी इथं घ्यावी आणि पुढचं पाऊल तिकडं टाकावं, अशीच ही रचना आहे. ती बरी की वाईट हा वेगळा मुद्दा, पण ती आहे हे बारावीच्या आत कळायला हवं.

हे सगळं वाचताना सरांनी एक उद्योग केला. पाच-सहा विद्यापीठांचे अभ्यासक्रम छापून घेतले आणि लाल पेनानं सगळ्यांत सारखं काय आहे त्यावर खुणा केल्या. विसाव्या शतकाचा इतिहास सगळीकडं. अर्थशास्त्र, विशेषतः व्यापार आणि चलन, सगळीकडं. आंतरराष्ट्रीय कायदा, संयुक्त राष्ट्रसंघ, भारताचं परराष्ट्र धोरण, संशोधनाच्या पद्धती आणि एखादी भाषा. खुणा संपल्यावर त्यांनी आपल्या बारावीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका काढली. पहिलं प्रकरण १९९१ नंतरच्या जगाचं, मग जागतिकीकरण, मानवतावादी प्रश्न, शेवटी भारत आणि जग. पायाचे दगड पुस्तकात होतेच. आपण ते वीस वर्षं ‘टिपा लिहा’साठी शिकवत आलो, ही गोष्ट त्या रात्री त्यांना फार लागली.

जून २०२४मध्ये नवी तुकडी आली तेव्हा त्यांनी शिकवण्याची रीत बदलली. पहिल्याच तासाला फळ्यावर आशियाचा नकाशा काढला आणि विचारलं, आपला कांदा कुठं कुठं जातो? निम्म्या वर्गाच्या घरी कांदा. तरी उत्तर आलं, “सोलापूरला.” मग सरांनी बंदीची तारीख लिहिली आणि तिच्याखाली दुसरी गोष्ट लिहिली. बंदी चालू असतानाच सरकारनं सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांदा द्यायला परवानगी दिली होती : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. ४ मे २०२४ला बंदी उठली, ती टनामागं ५५० डॉलरच्या किमान निर्यातमूल्याची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

“ह्याच सहांना का?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. पुढचे तीन तास त्या एका प्रश्नात गेले. भूतानशी आपलं नातं काय, मॉरिशसमध्ये मराठी बोलणारी कुटुंबं कशी पोचली, अमिरातीत आपल्याकडची किती माणसं कामाला आहेत, ढाक्यात कांदा महागला तर तिथल्या सरकारला का घाम फुटतो. एका मुलाचा चुलतभाऊ दुबईत गवंडीकाम करतो. मुलानं त्याला फोन करून तिथला कांद्याचा भाव विचारला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला. शेजाऱ्याशी संबंध, अन्नाची सुरक्षितता, देशातला ग्राहक आणि देशातला शेतकरी यांच्यातली ओढाताण, हे सगळे शब्द व्याख्येआधी वर्गात आले. व्याख्या नंतर आल्या आणि त्या पोरांना पाठ कराव्या लागल्या नाहीत.

ज्वारीचंही तसंच. रब्बी ज्वारीचा मालदांडी ३५-१ हा वाण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडला गेला. महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कोरडवाहू रानात तो आजही पेरला जातो. संयुक्त राष्ट्रसंघानं २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. तो ठराव भारतानं मांडला होता, ७२ देशांनी त्याला पाठिंबा दिला आणि मार्च २०२१मध्ये आमसभेनं तो संमत केला. ठराव म्हणजे काय, आमसभा कशी चालते, पाठिंबा मिळवायला दूतावासांना किती दारं ठोठावावी लागतात, हे शिकवायला सरांना यापेक्षा जवळचं उदाहरण मिळालं नसतं. भाकरी तर पोरं सकाळी खाऊनच आलेली.

भाषेचा मात्र घोळ होता आणि आहे. सरांनी रोज एक काम दिलं : परदेशाची एक बातमी मराठी वर्तमानपत्रातून वाचायची, तीच इंग्रजी वर्तमानपत्रातून वाचायची आणि दोन्हींतले पाच शब्द वहीत लिहायचे. पहिल्याच आठवड्यात एकानं लिहून आणलं की अमेरिकेनं रशियाला मंजुरी दिली. बातमीत ‘सँक्शन्स’ हा शब्द होता. पोराच्या घरी सोसायटीचं कर्ज ‘सँक्शन’ होतं, म्हणून त्यानं मंजुरी लिहिलं. तिथं अर्थ होता निर्बंध, बरोबर उलटा. वर्गात कुणी हसलं नाही, कारण कुणालाच ते माहीत नव्हतं. सरांनी तो शब्द फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर पुसू दिला नाही. मराठीतून हा विषय समजून घेणाऱ्यासाठी पुस्तकं आहेत. अरुणा पेंडसे आणि उत्तरा सहस्रबुद्धे यांचं ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हे शीतयुद्धोत्तर राजकारणावरचं पुस्तक सर स्वतः नव्यानं वाचू लागले. शैलेंद्र देवळाणकर यांचे लेख वर्तमानपत्रांतून येतात, त्यांची कात्रणं होऊ लागली. पण पुढं मोठ्या विद्यापीठात जायचं तर इंग्रजीतलं प्रकरण स्वतःच्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे, ही अट कुणाला टळत नाही. मराठीत समजलेलं इंग्रजीत वाचायला सोपं जातं, उलट नाही, एवढं त्यांनी वर्गात पाहिलं.

डिसेंबरात सरांनी मुलांना सोलापूरला नेलं. तीसेक किलोमीटरचा प्रवास, एसटीनं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं सोलापुरातलं घर आता स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस मुंबईत डॉक्टर झाला आणि १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, त्या भाषेत वैद्यकीचे विद्यार्थी शिकवले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी, गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. पुढं दोन देशांत युद्ध झालं, सीमेवर आजही ताण आहे, तरी भारतात येणारी चिनी शिष्टमंडळं त्यांचं नाव घेतात आणि कुटुंबाची विचारपूस करतात. स्मारकातून बाहेर पडताना एका मुलीनं विचारलं, “सर, त्यांना चिनी शिकायला किती दिवस लागले असतील?” सरांना याचंही उत्तर माहीत नव्हतं. पण प्रश्न योग्य जागी आला याचा त्यांना फार आनंद झाला.

आता त्या पहिल्या मुलीचं.

२०२२पासून केंद्रीय विद्यापीठांतले पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात. ती मराठीसह तेरा भाषांतून देता येते, हे सरांनी शोधून काढलं तेव्हा त्यांना अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं होतं. २०२४च्या फेब्रुवारीअखेरीस अर्ज सुरू झाले. सरांनी मुलीला समोर बसवून स्वतः अर्ज भरला. तीन विषयांपुढं प्रत्येक विषयाला जादा पैसे होते. घरात त्या महिन्यात पैशाची चणचण आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तीनच भरले : इंग्रजी, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. सामान्य चाचणी नावाचा एक पेपर होता, तो त्यांनी सोडला. “हे काय आपल्या विषयाचं नाही,” असं म्हणून.

मेमध्ये परीक्षा झाली, २८ जुलैला निकाल लागला. गुण चांगले होते. मग तिला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाचा पात्रता तक्ता उघडला तर त्यात सामान्य चाचणी सक्तीची. परदेशी भाषेच्या पदवीचा तो अभ्यासक्रम होता. परराष्ट्र सेवेतल्या माणसांचं भाषेनं कसं काम केलं, हे सरांनी वहीत टिपलेलं वाचूनच तो तिनं निवडला होता. गुण असूनही अर्ज पुढं सरकेना. प्रत्येक विद्यापीठ प्रत्येक अभ्यासक्रमासाठी कोणते पेपर धरणार हे आधीच जाहीर करतं. तो तक्ता सरांनी अर्ज भरण्याआधी उघडायला हवा होता. उघडला नव्हता.

ते तिच्या घरी गेले. वडील अंगणात बसले होते. सरांनी जे झालं ते सगळं सांगितलं, चूक माझी आहे असं स्पष्ट सांगितलं आणि सोडलेल्या पेपराचे पैसे आपणच भरायला हवे होते, हेही सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुमी तरी कुठं पाहिलं होतं ह्याच्या आधी, सर. चहा घ्या.” सर आजही हे सांगताना थांबतात.

वर्ष वाया गेलं नाही ते मुलीच्या आईमुळं. त्या वर्षी सीयूईटीचा निकाल जुलैअखेर आला, पण जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश जूनमध्येच सुरू झाले होते. आईनं जूनमध्येच आग्रह धरून इथला प्रवेश घ्यायला लावला होता. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून ती बी.ए. करू लागली, नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत. राज्यशास्त्र मेजर, अर्थशास्त्र मायनर. या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. ऐच्छिक विषयांसाठी थोडी मोकळीक असते. सरांच्या मते ती मोकळीक सोप्या विषयावर घालवू नये, इतिहासावर किंवा संख्याशास्त्रावर खर्च करावी.

भाषा तिनं स्वतःच शोधली. पुण्याला जर्मन-फ्रेंच शिकायला जाणं शक्य नव्हतं. तिच्या गल्लीत उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एक खाला राहतात. त्यांच्याकडं ती संध्याकाळी जाऊ लागली. तीन महिन्यांत उर्दू अक्षरं लावून वाचू लागली. आता त्याच लिपीच्या आधारानं मोबाइलवरून अरबीचे धडे घेते. आपला कांदा, आपलं डाळिंब, आपले गवंडी जिथं जातात तिथली ही भाषा. परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावर अधिकाऱ्याला एक परदेशी भाषा नेमून दिली जाते, त्यांत अरबी असतेच. हे तिला नंतर कळलं. खालांनी फी घेतली नाही. दिवाळीला मुलीच्या घरून त्यांच्याकडं फराळ गेला आणि रमजान ईदला तिकडून शीरखुर्मा आला.

२०२५च्या जुलैत सरांनी तिला दीड वर्षापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, वहीची दोन पानं. त्यात लिहिलं आहे की, कोणत्याही शाखेची पदवी आणि त्यात पन्नास टक्के गुण असले की नेहरू विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अध्ययनाच्या एम.ए.ला सीयूईटी पीजीतून बसता येतं. तोवर रोज एक इंग्रजी संपादकीय पूर्ण वाचायचं. जगाचा कोरा नकाशा दर रविवारी भरायचा. केंद्रीय अर्थसंकल्प आणि निर्यातीची आकडेवारी वर्षातून एकदा तरी मूळ कागदातून पाहायची. एका शेजारी देशाचा १९४७नंतरचा इतिहास नीट वाचायचा, तिनं बांगलादेश घेतला आहे. आणि पान दोनवर, लाल पेनानं, पात्रता तक्त्याची गोष्ट. ती २०२७मध्ये पदवीधर होईल.

त्या दोन पानांची झेरॉक्स आता सूचनाफलकावर लावलेली आहे. बारावी कलाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सरांचं एकच सांगणं आहे : अर्ज सुरू होतात त्या आठवड्यात पोराला आणि त्याच्या आई-वडिलांना शेजारी बसवा, हव्या असलेल्या विद्यापीठाचा पात्रता तक्ता आधी उघडा, तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच विषयांपुढं खूण करा. पैसे कमी पडत असतील तर एका पेपराचे तुम्ही भरा.